सहा शहरे, नऊ माणसे आणि चौदा दिवस

पुण्याहून एका वाचक भगिनीचे सविस्तर पत्र आले आहे. त्याचा सारांश असा: येत्या मे महिन्यात त्या, त्यांचे यजमान, १४ आणि ९ वर्षांची दोन मुले, ७२ वर्षांचे सासरे व ६८ वर्षांच्या सासूबाई असे सहा जण आणि महाविद्यालयापासूनची मैत्रीण, तिचे पती व १५ वर्षांचा मुलगा असे तिघे, मिळून नऊ जणांनी फ्रान्सला जायचे ठरवले आहे. हातात चौदा दिवस आहेत. मैत्रिणीने पॅरिस, स्ट्रासबुर्ग, ल्यों, बोर्दो, मार्सेय आणि नीस अशी सहा शहरांची यादी केली आहे. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि त्या अंडेदेखील खात नाहीत. सासऱ्यांना दुसरे काही नाही पाहिले तरी चालेल, पण सावरकरांनी जिथे उडी मारली ते मार्सेय पाहायचे आहे. पत्राच्या शेवटी त्या विचारतात, "यादीतले कोणते शहर गाळू? आणि ते मैत्रिणीला कोणत्या तोंडाने सांगू?"

ताई, एक शहर गाळून भागणार नाही, तीन गाळावी लागतील. पॅरिस, ल्यों आणि नीस या तीनच ठिकाणी मुक्काम ठेवा. पॅरिसला पाच रात्री, ल्योंला चार आणि नीसला चार. सहा शहरांचा बेत नकाशावर सोपा दिसतो, कारण फ्रान्सच्या वेगवान गाड्या खरोखरच वेगवान आहेत: पॅरिसहून ल्यों आणि बोर्दो सुमारे दोन तास, स्ट्रासबुर्ग पावणेदोन तास. पण मुक्काम हलवायला लागणारा वेळ गाडीच्या वेळापत्रकात लिहिलेला नसतो. सकाळी दहा-अकरापर्यंत जुनी खोली सोडायची, नवी खोली दुपारी तीन-चारच्या आधी ताब्यात मिळत नाही, मधल्या वेळात नऊ जणांच्या बॅगा सांभाळायच्या, औषधांची पिशवी कोणाकडे आहे ते शोधायचे आणि सासूबाईंना फलाटावर बसायला जागा पाहायची. यात दिवस जातो. सहा शहरांसाठी असे पाच दिवस घालवायचे असतील, तर चौदा दिवसांच्या सहलीचा तिसरा हिस्सा केवळ सामान उचलण्यात संपेल.

सुचवलेली तीन शहरे उत्तरेकडून दक्षिणेकडे एका ओळीत येतात, त्यामुळे उलटे फिरावे लागत नाही. विमानाचे तिकीट जाताना पॅरिसचे आणि परतताना नीसचे काढा. आखाती विमानतळांवरून नीसला थेट विमाने आहेत, तेव्हा मुंबईहून एका ठिकाणी विमान बदलून हे जमते. असे तिकीट नेहमीच्या परतीच्या तिकिटापेक्षा थोडे महाग पडले तरी घ्या, कारण नीसहून पुन्हा पॅरिसला यायचे म्हणजे साडेपाच-सहा तासांचा प्रवास आणि नऊ तिकिटांचा खर्च.

मे महिना तुम्ही शाळेच्या सुटीमुळे निवडला असणार, पण तो फ्रान्ससाठीही उत्तम आहे. तिथल्या शाळांची उन्हाळी सुटी जुलैच्या सुरुवातीला लागून ऑगस्टअखेर संपते, म्हणजे तुम्ही जाल तेव्हा तिथली मुले वर्गात असतील. जुलै-ऑगस्टमधल्या उष्णतेच्या लाटा अलीकडे फार त्रासदायक झाल्या आहेत आणि तिथल्या जुन्या घरांतून वातानुकूलन बहुधा नसते. मेमध्ये ती धास्ती कमी असते, शिवाय महिनाअखेरीस पॅरिसमध्ये सूर्य रात्री साडेनऊनंतर मावळतो. दोन गोष्टींकडे मात्र लक्ष असू द्या. मे हा फ्रान्समध्ये सुट्यांचा महिना आहे: १ मेचा कामगार दिन, ८ मेचा दुसऱ्या महायुद्धातील विजयाचा दिवस आणि बहुतेक वर्षी याच महिन्यात येणारा ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाचा गुरुवार. १ मे रोजी तर बहुतेक मोठी संग्रहालयेही बंद असतात. दुसरी गोष्ट नीसची. शेजारच्या कान शहरातला चित्रपट महोत्सव मेच्या मध्यावर असतो आणि मोनाकोची मोटार शर्यत मेअखेरीस किंवा जूनच्या प्रारंभी. या दिवसांत त्या साऱ्या किनाऱ्यावर खोल्यांचे भाव अवाच्या सवा वाढतात. म्हणून आधी या दोन्हींच्या त्या वर्षीच्या तारखा पाहा, त्या टाळून नीसचे चार दिवस पक्के करा आणि मग मागे मोजत पॅरिसला पोहोचण्याचा दिवस ठरवा.

आता तुमच्या पत्रातल्या एका वाक्याकडे येतो. तुम्ही लिहिले आहे, "सगळ्यांनी सगळे एकत्रच पाहायचे, नाहीतर एकत्र जायचे कशाला?" या सहलीत वाद झालेच, तर मला भीती या वाक्याचीच वाटते. ९ वर्षांचे मूल, १५ वर्षांचा मुलगा आणि ७२ वर्षांचे आजोबा यांच्या पावलांचा वेग एक नसतो, भुकेची वेळ एक नसते आणि चित्रासमोर उभे राहण्याचा धीरही एक नसतो. नऊ जणांनी दिवसभर एकत्र फिरायचे ठरवले, की सर्वांचा वेग सर्वांत हळू चालणाऱ्याच्या बरोबरीने येतो. मग तरुण मंडळी कुरकुरतात आणि ज्येष्ठांना आपण ओझे झालो असे वाटू लागते. माझा सल्ला असा, की सकाळचा एक कार्यक्रम सर्वांचा आणि रात्रीचे जेवण सर्वांचे. दुपारी बारानंतर ज्याने त्याने आपल्या गटाने जावे. गट रोज बदलले तर अधिकच बरे. मैत्रिणीचे पती आणि तुमचे सासरे एक दुपार बागेत बसले, तर चार दिवसांत त्यांची अशी गट्टी जमेल की तुम्हाला आश्चर्य वाटेल.

राहण्याच्या बाबतीतही हेच धोरण ठेवा. नऊ जणांना मावेल असे एकच मोठे घर शोधू नका. एकाच गल्लीत किंवा एकाच इमारतीत, स्वयंपाकघर असलेल्या दोन सदनिका घ्या. सहा जणांची एक आणि तिघांची एक. मैत्री कितीही जुनी असली तरी सकाळी न्हाणीघरासमोर रांग लागली, की तिची परीक्षा होते. घर ठरवण्यापूर्वी उद्वाहनाची, म्हणजे साध्या भाषेत लिफ्टची, चौकशी लेखी करा. पॅरिस आणि ल्यों या दोन्ही शहरांत जुन्या देखण्या इमारतींना लिफ्ट नसते, आणि असली तर तिच्यात दोन माणसे आणि एक बॅग एवढेच मावते. छायाचित्रातली सुरेख खिडकी चौथ्या मजल्यावर आहे आणि जिना गोल आहे, हे सासूबाईंना तिथे पोहोचल्यावर कळू नये.

पॅरिससाठी पाच रात्री पुरेशा आहेत. भुयारी रेल्वे वेगाने नेते, पण तिथल्या बहुतेक स्थानकांत जिने चढण्या-उतरण्यावाचून गत्यंतर नाही; सासू-सासऱ्यांसाठी बस घ्या. ६९ क्रमांकाची बस आयफेल टॉवरच्या परिसरातून निघून सेन नदीच्या काठाने, लूव्रवरून, बास्तीयपर्यंत जाते, आणि खिडकीशी जागा मिळाली तर अर्धे पॅरिस बसल्याजागी दिसते. लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असते, ओर्से संग्रहालय आणि व्हर्सायचा राजवाडा सोमवारी. हे मी एवढ्या खात्रीने सांगतो, कारण एका मंगळवारी सात नातेवाइकांना घेऊन मी लूव्रच्या काचेच्या पिरॅमिडसमोर उभा होतो आणि आमच्या आत्याबाईंनी पुढची कित्येक वर्षे प्रत्येक लग्नकार्यात तो प्रसंग रंगवून सांगितला. १८ वर्षांखालच्या मुलांना या तिन्ही ठिकाणी प्रवेशशुल्क नाही, तरीही लूव्रसाठी त्यांच्या नावे वेळ आधी राखून ठेवा. बुधवारी आणि शुक्रवारी लूव्र रात्री नऊपर्यंत उघडे असते. दुपारी विश्रांती घेऊन संध्याकाळी गेलात तर गर्दी कमी भेटेल. चालणे जमत नसलेल्यांसाठी तिथे चाकांची खुर्ची मिळते. सासूबाई आधी नाही म्हणतील, तरीही घ्या.

नोत्र-दामचे चर्च एप्रिल २०१९ मधल्या आगीनंतर डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडले. तिथे प्रवेश विनामूल्य आहे, त्यामुळे बाहेर कोणी तिकीट विकू लागल्यास सरळ पुढे चला. आयफेल टॉवरची तिकिटे मात्र संकेतस्थळावर खुली होताच घ्यावी लागतात, नाहीतर रांगेत दोन तास सहज जातात. बाकी पॅरिसविषयी मी अधिक लिहीत नाही. त्या शहराबद्दल सांगणारे तुम्हाला पुण्यात घरोघरी भेटतील.

ल्योंविषयी मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण तुमच्या पत्रात या शहरापुढे प्रश्नचिन्ह आहे आणि "तिथे बघण्यासारखे काय आहे, असे मैत्रिणीचे पती विचारतात" असा शेराही आहे. सोन आणि रोन या दोन नद्यांच्या संगमावर वसलेले हे शहर अनेक शतके रेशमाचे गाव होते. क्र्वा-रूस नावाच्या टेकडीवरच्या घरांची छते मुद्दाम उंच बांधलेली आहेत, कारण एकोणिसाव्या शतकात त्या घरांत विणकर राहत आणि त्यांचे माग उंच असत. तिथे विणकरांच्या मागांचे एक छोटे संग्रहालय आहे, त्यात जुने माग चालवून दाखवतात. भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या साखळीने नक्षी ठरवणारा जॅकार्ड माग याच शहरातल्या जोसेफ-मारी जॅकार्डने १८०४ च्या सुमारास सिद्ध केला. येवल्यात पैठणी विणताना आजही अनेक मागांवर जॅकार्ड बसवलेला असतो. तेव्हा सासूबाईंच्या कपाटातल्या पैठणीचे एक टोक या टेकडीवर अडकलेले असू शकते, हे त्यांना जाण्यापूर्वी जरूर सांगा. तुमच्या मुलांपैकी कोणाला संगणकाची आवड असेल, तर भोके आणि कोरी जागा यांच्या त्या भाषेतून पुढे संगणकाला सूचना देण्याची कल्पना कशी निघाली, ते तिथे समोर पाहून लगेच समजेल.

जुन्या ल्योंमध्ये एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत नेणारे, घरांच्या पोटातून जाणारे झाकलेले बोळ आहेत. त्यांना त्राबूल म्हणतात. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांतून मागच्या दाराने पलीकडच्या आळीत निघता येत असे, त्याची आठवण तिथे झाल्यावाचून राहत नाही. काही बोळ लोकांसाठी खुले आहेत, पण वर माणसे राहतात, तेव्हा मुलांना आवाज न करण्याची ताकीद द्या. शेजारच्या फुर्व्हिएर टेकडीवर रोमन काळातले नाट्यगृह आहे आणि वर जायला दोरीवर ओढली जाणारी छोटी गाडी आहे, त्यामुळे गुडघ्यांचा प्रश्न येत नाही. दुपारच्या वेळी ज्येष्ठांसाठी तेत द'ओर हे विस्तीर्ण उद्यान. तिथे तळे आहे, प्राणिसंग्रहालय आहे आणि दोन्हींना तिकीट नाही.

मैत्रिणीच्या पतींना लुमिएर बंधूंच्या घरी घेऊन जा. ऑग्युस्त आणि लुई लुमिएर यांनी १८९५ मध्ये आपल्याच कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या कामगारांचे चित्रण केले ते ल्योंच्या मोंप्लेझीर भागात, आणि त्यांच्या वडिलांनी बांधलेल्या तिथल्या वाड्यात आज संग्रहालय आहे. या बंधूंचे खेळ ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झाले आणि हिंदुस्थानाने चलत्चित्र पहिल्यांदा पाहिले. काळा घोडा परिसरातली ती इमारत अजून उभी आहे. एवढे कळल्यावरही ते गृहस्थ "बघण्यासारखे काय आहे" असे म्हणाले, तर त्यांना नदीकाठी कॉफी घेत बसू द्या.

आता मार्सेय. आपल्या जुन्या पुस्तकांत त्याचा उल्लेख मार्सेलिस असा येतो. ल्योंहून वेगवान गाडीने ते पावणेदोन तासांवर आहे, म्हणून तिथे मुक्काम न ठेवता ल्योंच्या चार दिवसांपैकी एका दिवशी सासऱ्यांना आणि तुमच्या यजमानांना सकाळी पाठवा व रात्री परत येऊ द्या. नऊ जणांनी जाण्याचे कारण नाही. सासऱ्यांच्या मनाची तयारी मात्र आधी करा. ८ जुलै १९१० रोजी मोरिया बोटीच्या गवाक्षातून सावरकरांनी उडी घेतली, ते धक्क्यावर पोहोचले आणि फ्रेंच शिपायाने त्यांना पकडून पुन्हा बोटीवरच्या पहाऱ्याच्या हवाली केले. फ्रेंच भूमीवर झालेल्या या अटकेचा वाद हेगच्या लवादापुढे गेला आणि फेब्रुवारी १९११ मध्ये निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला. हा इतिहास सासऱ्यांना तोंडपाठ असणार. परंतु मार्सेय हे आज गजबजलेले मोठे बंदर आहे, आणि मनात जे चित्र घेऊन आपण जातो ते तिथे तसेच मांडून ठेवलेले नसते. नेमकी जागा शोधत उन्हात हिंडण्यापेक्षा जुन्या बंदरापासून ६० क्रमांकाची बस घेऊन नोत्र-दाम द ला गार्द या टेकडीवरच्या चर्चपाशी जावे; तिथून सारे बंदर, समुद्र आणि बेटे एका नजरेत येतात. वेळ उरल्यास शहराच्या दक्षिणेस माझार्ग येथे पहिल्या महायुद्धातील भारतीय सैनिकांची स्मृतिस्थाने असलेली दफनभूमी आहे. हिंदुस्थानी फौजा १९१४ च्या सप्टेंबरअखेरीस याच बंदरात उतरल्या होत्या. मार्सेयच्या रेल्वे स्थानकासमोरचा प्रसिद्ध जिना १०४ पायऱ्यांचा आहे. सासऱ्यांना स्थानकाखालच्या मेट्रोने जुन्या बंदराकडे न्यावे.

नीसबद्दल थोडक्यात. इथे पाहण्याची घाई नाही. समुद्राकाठचा लांबलचक सपाट रस्ता सकाळ-संध्याकाळ चालण्यासाठी आहे, जुन्या गावामागच्या टेकडीवर जायला विनामूल्य लिफ्ट आहे आणि मोनाको लोकलगाडीने वीस-पंचवीस मिनिटांवर आहे. किनाऱ्यावर वाळू नाही, गोटे आहेत. मुलांना पाण्यात चालतील अशी पादत्राणे घ्या. कोकणातला किनारा डोळ्यांसमोर ठेवून गेलात तर निराश व्हाल, पण पाण्याचा रंग पाहून ती निराशा फार टिकणार नाही.

सासूबाईंच्या जेवणाची चिंता तुम्ही पत्रात चार वेळा लिहिली आहे. फ्रान्समध्ये शाकाहारी म्हणून सांगितलेल्या पदार्थात अंडे हमखास असते आणि कधीकधी सॅलडवर डुकराच्या मांसाचे बारीक तुकडेही असतात. म्हणून मांस, मासे आणि अंडे यांपैकी काहीही चालत नाही असे फ्रेंच भाषेत लिहिलेले कार्ड पर्समध्ये ठेवा आणि ते वाढप्याला दाखवा. नीसला सोक्का नावाचा पदार्थ मिळतो: हरभऱ्याचे पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ, मोठ्या परातीत भट्टीत भाजलेले. सासूबाई ते पाहताच बेसनाचे धिरडे म्हणतील आणि मिरची मागतील. नेहमीचा लांब पाव निव्वळ मैदा, पाणी, मीठ आणि यीस्ट यांचा असतो; भाज्यांचा रातातुई बहुतेक ठिकाणी चालतो. उपाहारगृहे दुपारी अडीचच्या सुमारास बंद होतात आणि संध्याकाळी सातनंतरच उघडतात, त्यामुळे चार वाजता भूक लागली तर पर्समधल्या चिवड्याचाच आधार. साधे पाणी सुरई भरून मागा, त्याचे पैसे पडत नाहीत.

स्वयंपाकघर असल्याने एक वेळची खिचडी घरीच होईल. मेतकूट, भाजणी, पोहे, डाळ-तांदूळ न्या. मात्र युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशांना नेता येत नाहीत, म्हणून साजूक तुपाची बरणी, पेढे आणि खव्याच्या पोळ्या घरीच ठेवा. आंबे आणि कढीपत्ताही आरोग्य प्रमाणपत्रावाचून चालत नाहीत. मेमध्ये हापूस सोडून जायचे दुःख मी जाणतो, पण त्याला इलाज नाही.

व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि मेच्या प्रवासाला मुंबई-पुण्यातून झुंबड असते, तेव्हा जानेवारीतच वेळ घ्या. प्रौढांना ९० युरो आणि ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५ युरो शुल्क आहे. म्हणजे तुमच्या धाकट्याला निम्मे, थोरल्याला पूर्ण. किमान ३०,००० युरोंचा आरोग्यविमा बंधनकारक आहे, आणि सासू-सासऱ्यांच्या विम्यात आधीपासूनच्या आजारांचे काय, ते बारीक अक्षरांत वाचा. व्हिसा हाती येईपर्यंत रद्द न होणारे कोणतेही तिकीट काढू नका. आणखी एक बारीक सूचना: पॅरिसमध्ये ल्योंकडे जाणारी गाडी "गार द ल्यों" या स्थानकातून सुटते, आणि ल्यों शहरात तुम्ही उतरता त्या स्थानकाचे नाव "पार-द्यू" आहे. या नावांनी भलेभले गोंधळतात.

पैशांसाठी जाण्यापूर्वी दोन्ही कुटुंबांनी सारखी वर्गणी काढू नका. तुम्ही सहा आहात, ते तीन. बस, टॅक्सी आणि घरातला किराणा माणशी हिशेबाने एका सामाईक खात्यातून, आणि बाहेरचे जेवण व खरेदी ज्याचे त्याने. हिशेब रोज रात्री एकाच माणसाने लिहावा. ते काम मैत्रिणीच्या पतींना द्या; पत्रावरून ते बारकाईने पाहणारे दिसतात.

राहिली मैत्रीण. तीन शहरे गाळल्याचे तिला फोनवर किंवा संदेशातून सांगू नका. एका रविवारी तिघांनाही चहाला बोलवा, फ्रान्सचा नकाशा मेजावर पसरा आणि सहा शहरांच्या बेतात कोणत्या दिवशी किती वाजता खोली सोडायची, गाडी किती वाजता, नवी खोली किती वाजता मिळणार, एवढे तिच्याच हाताने कागदावर लिहायला लावा. तिसऱ्या शहरापर्यंत ती स्वतःच पेन खाली ठेवील असा माझा अंदाज आहे. तरीही स्ट्रासबुर्गवर तिचे मन अडले, तर पॅरिसच्या पाच दिवसांपैकी एक दिवस त्या तिघांचा असू द्या. गार द लेस्त स्थानकातून सकाळची गाडी घेतली तर दहाच्या आत ते कॅथीड्रलसमोर उभे असतील आणि रात्रीच्या जेवणाला परत येतील. त्या दिवशी तुम्ही सासूबाईंना घेऊन ६९ क्रमांकाच्या बसमध्ये बसा.